शार्कोचे अध्यासन आणि त्याचा प्रमाद

थोर शास्त्रज्ञांची चरित्रे विद्यार्थ्यांच्या हाती देताना आपल्याकडे बहुधा एकच रीत पाळली जाते. बालपणीचे कष्ट, ज्ञानाची ओढ, अडचणींशी दिलेली झुंज, मग लागलेला शोध आणि शेवटी जगाने केलेला सन्मान, अशा क्रमाने कथा सांगितली जाते. चरित्रनायकाच्या हातून काही चूक झालेली असली, तर ती एक तर गाळली जाते, किंवा चंद्रावरही डाग असतोच, असे म्हणून एका वाक्यात तिची बोळवण केली जाते. कोवळ्या मनातील आदर ढळू नये, हा त्यामागील हेतू असतो. हेतू कितीही चांगला असला तरी ही रीत शास्त्राच्या अभ्यासाला पोषक नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. शास्त्रज्ञाची चूक कशी घडली, ती कोणी ओळखली आणि कोणत्या साधनाने दुरुस्त केली, हे कळल्यावाचून शास्त्राची रीत कळत नाही. केवळ शास्त्राची फळे तेवढी कळतात.

हे मत नुसते मांडून भागणार नाही. ते उदाहरणाने पटवून द्यावयास हवे. यासाठी आम्ही अशा एका पुरुषाचे चरित्र निवडले आहे की, ज्याचे यश मोठे होते आणि प्रमादही तितकाच मोठा होता; आणि दोन्ही एकाच रुग्णालयात, एकाच शिष्यवर्गासमक्ष घडले. तो पुरुष म्हणजे पॅरिसचा मज्जाविकारतज्ज्ञ झां-मार्तँ शार्को. मज्जाविकारांचे आजचे शास्त्र ज्यांनी उभारले, त्यांत त्याचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

सोऱ्याच्या कारखान्यातील रुग्णालय

शार्कोचा जन्म २९ नोव्हेंबर १८२५ रोजी पॅरिस येथे झाला. त्याचे वडील घोडागाड्या बांधणारे कारागीर होते. मुलाचा स्वभाव अबोल होता. चित्रकलेत मात्र त्याचा हात चांगला चाले. पुढे चित्रकार न होता तो वैद्यकाकडे वळला. पण चित्रकाराची दृष्टी त्याने सोडली नाही. १८५३ मध्ये त्याने संधिवात आणि गाऊट या दोन दुखण्यांमधील भेद दाखविणारा प्रबंध लिहून पदवी मिळविली. सारखे दिसणारे दोन रोग वेगळे काढावयाचे, हे त्याचे जन्मभराचे काम त्या पहिल्या प्रबंधातच सुरू झाले होते.

१८६२ मध्ये साल्पेट्रिएर या रुग्णालयात त्याची मुख्य वैद्य म्हणून नेमणूक झाली. या संस्थेच्या नावातच तिचा इतिहास आहे. तेथे पूर्वी बंदुकीच्या दारूसाठी लागणाऱ्या सोऱ्याचा कारखाना होता. सतराव्या शतकात, १६५६ च्या राजाज्ञेनंतर, त्या जागी निराधार स्त्रियांसाठी आश्रयस्थान उभे राहिले. शार्को तेथे गेला तेव्हा सुमारे ५,००० माणसे त्या आवारात राहत होती. त्यांत म्हाताऱ्या होत्या, पांगळ्या होत्या, अपस्माराच्या रोगी होत्या, वेड्या होत्या. महत्त्वाकांक्षी तरुण वैद्याने टाळावी, अशीच ही जागा मानली जात असे. कारण तेथील दुखणी जुनाट, उपाय बहुतेकांवर नाही, आणि रुग्ण गरीब.

शार्कोला मात्र याच जागेत संधी दिसली. इतर रुग्णालयांत रोगी काही दिवस राहून निघून जातो. त्याच्या रोगाचा एखादाच टप्पा वैद्याच्या दृष्टीस पडतो. येथे एकच रुग्ण वर्षानुवर्षे पाहता येत होता. शार्को आणि त्याचा सहकारी व्ह्युल्पियां यांनी एकेक दालन घेऊन तेथील स्त्रियांना पद्धतशीर तपासण्यास आणि प्रत्येकीची टिपणे ठेवण्यास आरंभ केला. ज्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते, अशा शेकडो स्त्रियांची दुखणी प्रथमच सविस्तर लिहून ठेवली गेली.

पाहणे आणि पडताळणे

शार्कोची पद्धत दोन पायऱ्यांची होती आणि तिची शक्ती दोहोंच्या जोडीत होती. पहिली पायरी निरीक्षणाची. रुग्णाला समोर बसवून तो कितीतरी वेळ न बोलता त्याच्याकडे पाहत राही. हात कसा थरथरतो, विश्रांतीत असताना थरथरतो की पेला उचलताना, पाऊल कसे पडते, शब्द कसे उमटतात, हे सारे तो न्याहाळी. व्याख्यानात कंपाचे प्रकार विद्यार्थ्यांना दुरूनही ओळखता यावेत म्हणून रुग्णांच्या डोक्यावर लांब पिसांच्या टोप्या घालण्याची युक्ती त्याने योजिली होती. पिसांच्या हालचालीवरून कंपाचा वेग आणि प्रकार स्पष्ट दिसे.

दुसरी पायरी पडताळ्याची. रुग्ण मरण पावला म्हणजे त्याच्या मेंदूचे आणि मज्जारज्जूचे विच्छेदन करून सूक्ष्मदर्शकाखाली त्याची तपासणी होई. हयातीत टिपलेली लक्षणे आणि मृत्यूनंतर आढळलेली विकृती शेजारी शेजारी ठेवून त्यांचा मेळ बसतो की नाही, हे पाहिले जाई. मेळ बसला नाही, तर वैद्याचे निदान चुकलेले असे. मग तो वैद्य कितीही मोठा असो. येथे शेवटचा निवाडा मृत रुग्णाच्या ऊतींचा असे.

या पद्धतीने काय साधले, ते दोन उदाहरणांवरून दिसेल. मेंदूत आणि मज्जारज्जूत विखुरलेले कठीण चट्टे यापूर्वी काही शरीरशास्त्रज्ञांनी पाहिले होते, त्यांची चित्रेही काढली होती. परंतु जिवंत माणसात त्या चट्ट्यांचा रोग ओळखावा कसा, हे कोणी नीट सांगितले नव्हते. १८६८ मध्ये शार्कोने ते सांगितले. डोळ्यांची अनैच्छिक थरथर, हात एखाद्या वस्तूकडे नेताना वाढत जाणारा कंप, आणि तुटक तुटक उच्चार, ही लक्षणे एकत्र दिसल्यास या रोगाचा संशय घ्यावा, असे त्याने दाखविले. आज ज्याला आपण मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतो, तो रोग अशा रीतीने कंपवातापासून निराळा झाला. कंपवाताचे पहिले चांगले वर्णन जेम्स पार्किन्सन या इंग्रज वैद्याने १८१७ मध्ये केले होते. त्याचे नाव त्या रोगास द्यावे, असा आग्रह शार्कोनेच धरला. दुसऱ्याचे श्रेय दुसऱ्यास देण्याइतके त्याचे मन मोठे होते, हेही येथे नोंदविले पाहिजे.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. मेंदूकडून निघालेली आज्ञा मज्जारज्जूच्या कडेच्या भागातील तंतूंमधून खाली उतरते, आणि मज्जारज्जूच्या पुढील बाजूस असलेल्या करड्या भागातील पेशींकडून स्नायूंकडे जाते. वरच्या तंतूंना इजा झाली तर स्नायू ताठरतात. खालच्या पेशी नष्ट झाल्या तर स्नायू झिजतात. काही रुग्णांत ही दोन्ही लक्षणे एकाच वेळी दिसत. स्पर्शज्ञान मात्र शाबूत राही. १८६९ मध्ये शार्को आणि जॉफ्रुआ यांनी अशा रुग्णांच्या मज्जारज्जूत दोन्ही ठिकाणच्या विकृती आढळल्याचे प्रसिद्ध केले, आणि १८७४ च्या व्याख्यानांत शार्कोने या रोगाला ॲमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस हे नाव दिले. फ्रान्समध्ये आजही त्याला शार्कोचा रोग म्हणतात. विश्वशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना १९६३ मध्ये जडलेला रोग तो हाच. तो समूळ बरा करणारे औषध आजही मिळालेले नाही. परंतु दीडशे वर्षांपूर्वी केलेल्या वर्णनात मूलतः फेरफार करावा लागलेला नाही, यावरून त्या पद्धतीची पारख होते.

अध्यासनाचा मान

अशा कामाने कीर्ती वाढत गेली. १८७२ मध्ये शार्को विकृतिशास्त्राचा प्राध्यापक झाला. पुढे फ्रान्सच्या संसदेने निधी मंजूर केला आणि १८८२ मध्ये मज्जासंस्थेच्या रोगांचे स्वतंत्र अध्यासन खास त्याच्यासाठी निर्माण झाले. या विषयासाठी युरोपात स्थापन झालेल्या अगदी पहिल्या अध्यासनांपैकी ते एक होय. रुग्णालयात प्रयोगशाळा आल्या, छायाचित्रणाचा विभाग आला, विकृतींचे संग्रहालय आले. शुक्रवारी तयारीने दिलेले व्याख्यान आणि मंगळवारी पूर्वी न पाहिलेल्या रुग्णाची सर्वांसमक्ष तपासणी, असा क्रम ठरला. मंगळवारच्या त्या पाठांस वैद्यच नव्हेत, तर लेखक, नट आणि राजकारणी पुरुषही गर्दी करू लागले.

त्याच्या शिष्यांची नावे पाहिली तरी या शाळेचे मोठेपण ध्यानात येते. प्येर मारी, जील द ला तुरेत, बूर्नव्हील, बाबिन्स्की ही नावे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना आजही रोगांच्या आणि लक्षणांच्या नावांतून भेटतात. व्हिएन्नाचा तरुण वैद्य सिग्मुंड फ्रॉइड १८८५ च्या ऑक्टोबरात येथे आला, काही महिने राहिला आणि भारावून परतला. त्याने शार्कोच्या व्याख्यानांचे जर्मन भाषांतर केले आणि आपल्या थोरल्या मुलास गुरूचे नाव दिले. मांडलेल्या सिद्धांताशी एखादे निरीक्षण जुळत नाही, असा आक्षेप कोणी घेतला असता शार्को म्हणे की, सिद्धांत उत्तम आहे, परंतु त्यामुळे वस्तुस्थिती नाहीशी होत नाही. फ्रॉइडने ही आठवण जन्मभर जपली.

पुढे याच वाक्याचा विसर खुद्द शार्कोला पडावा, हा या चरित्रातील मर्माचा भाग आहे.

जेथे पडताळा नव्हता

१८७० च्या सुमारास रुग्णालयातील दालनांची फेररचना झाली. अपस्माराच्या आणि हिस्टेरियाच्या रुग्ण स्त्रियांना वेड्यांपासून वेगळे काढून एकत्र ठेवण्यात आले आणि ते दालन शार्कोच्या देखरेखीखाली आले. हिस्टेरियाच्या रुग्णांना झटके येत, हातपाय लुळे पडत, कातडीवरील संवेदना नाहीशी होई. परंतु मृत्यूनंतर मेंदूत काहीच विकृती सापडत नसे. त्या काळचे बहुतेक वैद्य अशा स्त्रियांना ढोंगी ठरवून मोकळे होत. शार्कोने तसे केले नाही. हे दुखणे खरे आहे, ते पुरुषांनाही होते, रेल्वेच्या अपघातात सापडलेल्या धडधाकट मजुरांनाही होते, असे त्याने ठासून सांगितले आणि गर्भाशयाशी त्याचा संबंध जोडणारी जुनी समजूत खोडून काढली. एवढा भाग त्याच्या कीर्तीस शोभणाराच आहे.

परंतु तो येथेच थांबला नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसप्रमाणे याही रोगाचे ठाम नियम असले पाहिजेत, असे त्याने गृहीत धरले. हिस्टेरियाच्या मोठ्या झटक्याचे ठरावीक टप्पे त्याने लावून दिले. १८७८ पासून तो संमोहनाचे प्रयोग करू लागला, आणि १८८२ मध्ये त्याने फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे संमोहनाच्या तीन निश्चित अवस्था मांडल्या. हे टप्पे आणि या अवस्था दर व्याख्यानात जशाच्या तशा प्रकट होत. श्रोते थक्क होत. आंद्रे ब्रुये या चित्रकाराने १८८७ मध्ये काढलेल्या प्रसिद्ध चित्रात असाच एक पाठ दाखविला आहे. ब्लांश विटमन ही रुग्ण स्त्री मागे झुकलेली, तिला सावरून धरणारा बाबिन्स्की, शेजारी बोलत उभा असलेला शार्को, आणि समोर श्रोत्यांची दाटी.

हे सारे इतके नेमके कसे जुळून येत होते? कारण उघड होते, पण सभागृहातील कोणी ते बोलून दाखवीत नव्हते. हिस्टेरियाच्या स्त्रिया अपस्माराच्या स्त्रियांसोबत राहत असल्यामुळे झटके कसे असतात, हे त्या रोज पाहत होत्या. पाठाच्या आधी साहाय्यक त्यांच्यावर प्रयोग करून पाहत; कोणते लक्षण अपेक्षित आहे, हे नकळत त्यांच्यापर्यंत पोहोचत होते. शार्को त्यांना मुख्यतः तपासणीच्या खोलीत आणि व्याख्यानमंचावर पाही. जी स्त्री ते लक्षण उत्तम दाखवी, तिला त्या कंटाळवाण्या आवारात मान मिळे. तिला ढोंगी म्हणणे अन्यायाचे होईल. अपेक्षेचा प्रभाव माणसाच्या शरीरावर त्याच्या नकळत पडतो, आणि त्या रुग्णांवर तो पडत होता.

नान्सी येथील प्राध्यापक बेर्नहेम याने १८८४ पासून नेमके हेच म्हणावयास आरंभ केला. साल्पेट्रिएरमध्ये दिसणाऱ्या अवस्था या निसर्गाच्या नियमाने घडत नसून सूचनेने घडतात. दुसरीकडे त्या दिसत नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. वाद वर्षानुवर्षे चालला. पॅरिसची प्रतिष्ठा एका बाजूस आणि प्रांतातील एका विद्यापीठाचा आक्षेप दुसऱ्या बाजूस. पुढे निकाल बेर्नहेमच्या बाजूने लागला. १६ ऑगस्ट १८९३ रोजी शार्को वयाच्या ६७ व्या वर्षी प्रवासात अकस्मात मरण पावला, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत तीन अवस्थांचा तो सिद्धांत निराधार ठरला. ते झटकेही साल्पेट्रिएरमधून हळूहळू ओसरले. ब्लांश विटमन पुढे त्याच रुग्णालयात छायाचित्रणाच्या आणि क्ष-किरणांच्या विभागात काम करू लागली.

आमच्या मते शार्कोच्या या प्रमादाचे कारण बुद्धीत शोधू नये. १८६८ चा शार्को आणि १८८२ चा शार्को यांच्या बुद्धीत फरक पडलेला नव्हता; फरक पडला होता पडताळ्यात. पहिल्या कामात त्याच्या मताहून स्वतंत्र असा साक्षीदार होता. मज्जारज्जूतील पेशी प्राध्यापकाची मर्जी ओळखत नाहीत. दुसऱ्या कामात तो साक्षीदार उरला नाही, आणि त्याची जागा अध्यासनाच्या प्रतिष्ठेने घेतली. रुग्ण, साहाय्यक, श्रोते सारेच त्याच्या अपेक्षेच्या छायेखाली होते. अशा वेळी दुसऱ्या एखाद्या रुग्णालयात, वेगळ्या हातांनी, अपेक्षा न कळू देता तोच प्रयोग करून पाहणे हाच पडताळा होता. तो उपलब्ध होता. बेर्नहेम तोच पुढे करीत होता. मात्र तो स्वीकारला गेला नाही.

शिष्याचे ऋण

आता या कथेचा तो भाग पाहू, जो सांगितल्याशिवाय ही कथा अपुरी राहते. ब्रुयेच्या चित्रात रुग्ण स्त्रीला सावरून धरणारा झोसेफ बाबिन्स्की हा शार्कोचा आवडता शिष्य. १८९२ मध्ये प्राध्यापकपदाकडे नेणाऱ्या स्पर्धेत तो नापास ठरविला गेला आणि विद्यापीठाचे अध्यासन त्याला कधीच मिळाले नाही. गुरूच्या मृत्यूनंतर गुरूने सोडलेला प्रश्न मात्र त्याच्यापुढे उभा होता: मज्जासंस्थेतील विकृतीमुळे आलेला लुळेपणा कोणता आणि हिस्टेरियाचा कोणता, हे रुग्ण जिवंत असतानाच कसे ओळखावे?

१८९६ मध्ये त्याने दिलेले उत्तर अवघ्या २८ ओळींत मावले. तळपायाच्या बाहेरील कडेने टोकदार वस्तू हलकेच ओढली असता निरोगी प्रौढ माणसाचा अंगठा खाली वळतो. मेंदूकडून येणाऱ्या मार्गात विकृती असेल तर तो वर उठतो. हिस्टेरियाच्या लुळेपणात तो वर उठत नाही. या चाचणीला यंत्र लागत नाही, खर्च नाही, आणि मुख्य म्हणजे रुग्णाच्या अपेक्षेचा किंवा वैद्याच्या कीर्तीचा तिच्यावर परिणाम होत नाही. जगातील प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात आज ती शिकविली जाते. १९०१ मध्ये बाबिन्स्कीने हिस्टेरियाची व्याख्याच सूचनेच्या आधारे नव्याने केली. म्हणजे गुरूच्या विरोधकाचे म्हणणे त्याने मोठ्या प्रमाणात मान्य केले.

याला गुरुद्रोह म्हणावे काय? आमच्या मते ही खरी गुरुदक्षिणा होती. शार्कोची मते पाठ करून सांगणारे शिष्य पुष्कळ होते. शार्कोची पद्धत शार्कोच्याच मतांना लावून पाहणारा बाबिन्स्की निघाला. स्वतः शार्कोलाही अखेरीस हे जाणवू लागले असावे. हिस्टेरियाविषयीच्या आपल्या कल्पनांची फेररचना करावी लागेल, असे तो शेवटच्या काळात आपल्या चिटणिसाजवळ बोलला होता, अशी नोंद त्या चिटणिसाने पुढे केली आहे. फेररचनेला त्याला आयुष्य पुरले नाही.

दोन आक्षेप

आमच्या मतावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, त्या काळी मेंदूची चित्रे घेणारी यंत्रे नव्हती, विद्युल्लेखन नव्हते. तेव्हा शार्कोला दोष देणे म्हणजे मागाहून आलेल्या शहाणपणाने पूर्वजांना मोजणे होय. हा आक्षेप ऐकण्यास उदार वाटतो, पण तो टिकत नाही. बेर्नहेमजवळही तीच साधने होती, किंबहुना कमीच होती. कमतरता यंत्राची नव्हती. उलट मत ऐकून घेण्याची होती. आणि ज्या काळात यंत्रे विपुल आहेत, त्या काळातही ही कमतरता आपोआप भरून निघत नाही. उंची यंत्रावर उमटलेली मेंदूची प्रतिमा वाचणारे डोळेही अपेक्षेने झाकोळू शकतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. थोरांच्या चुका शिकविल्या, तर मुले कशावरच विश्वास ठेवणार नाहीत; शास्त्र म्हणजे आज एक आणि उद्या दुसरे, असे म्हणून ती ज्योतिषी आणि भोंदू वैदू यांच्याकडे वळतील, अशी भीती अनेक शिक्षकांना वाटते. भीती खोटी नाही. पण चूक अर्धवट सांगितली तरच ती खरी ठरते. शार्को चुकला, एवढेच सांगितले तर अश्रद्धा वाढेल. तो कोठे बरोबर होता, कोठे चुकला, आणि कोणत्या परीक्षेने ती चूक उघडकीस आली, हे सारे सांगितले तर विद्यार्थ्याच्या हाती मोजमाप येईल. भोंदूला ओळखण्याची खूण हीच की, त्याच्या इतिहासात दुरुस्तीचे पान नसते.

आणखी एक गोष्ट येथे ध्यानात घ्यावी. हिस्टेरिया हा शब्द वैद्यकाने आता टाकून दिला असला तरी तशी दुखणी नाहीशी झालेली नाहीत. मेंदूच्या रचनेत विकृती नसून त्याच्या कार्यात बिघाड असलेले रुग्ण आज जगभरच्या मज्जाविकारतज्ज्ञांकडे मोठ्या संख्येने येतात, आणि त्यांना ढोंगी न समजता तपासावे, हा शार्कोचा आग्रह आज पुन्हा मान्य झाला आहे. म्हणजे चुकीच्या सिद्धांताच्या आतही एक खरी गोष्ट होती. चूक नीट उलगडून पाहिली म्हणूनच ती निवडून घेता आली.

आपल्या देशातील एक उदाहरण

स्वतःच्या निरीक्षणाची परीक्षा घेणारे शास्त्रज्ञ शोधण्यासाठी पॅरिसलाच जावे लागते, असे नाही. भारतात या शास्त्राची संघटित वाटचाल १९५१ मध्ये भारतीय मज्जाविज्ञान संस्थेच्या स्थापनेने सुरू झाली; जेकब चँडी, बी. राममूर्ती, एस. टी. नरसिंहन आणि बलदेव सिंग हे तिचे संस्थापक. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात काम करणारे डॉ. नोशिर वाडिया हे त्या पहिल्या पिढीतले एक अध्यापक होत. आनुवंशिक कारणाने तोल जाणाऱ्या, चालताना अडखळणाऱ्या काही रुग्णांच्या डोळ्यांकडे त्यांचे लक्ष गेले. एका वस्तूवरून दुसरीकडे नजर वळविताना निरोगी माणसाचे डोळे झटकन उडी घेतात. या रुग्णांचे डोळे अगदी सावकाश सरकत. १९७१ मध्ये वाडिया आणि स्वामी यांनी अशा नऊ कुटुंबांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि हा वेगळा रोग असावा, असे सुचविले. बिछान्याजवळ उभे राहून, केवळ डोळ्यांनी केलेले हे निरीक्षण होते.

१९९६ मध्ये तोल बिघडविणाऱ्या अशाच एका आनुवंशिक रोगाचे जनुक सापडले. तेव्हा वाडिया सत्तरीच्या पुढे गेलेले होते. आपले जुने वर्णन मान्यता पावले आहे, असे समजून ते स्वस्थ बसले असते तर कोणी काही म्हटले नसते. परंतु १९९८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय कुटुंबांतील रुग्णांचे जनुक तपासून मंद नेत्रहालचालीचे महत्त्व पुन्हा पडताळून पाहिले आणि ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या निरीक्षणानंतर सत्तावीस वर्षांनी, अगदी नव्या आणि परक्या साक्षीदारापुढे आपले मत ठेवण्याची ही तयारी होय. यात एक योगायोगही आहे. २०१० मध्ये असे आढळले की, याच जनुकातील मध्यम लांबीच्या बदलामुळे शार्कोने वर्णन केलेल्या स्नायू झिजविणाऱ्या रोगाचा धोका वाढतो. पॅरिसमधील म्हाताऱ्यांच्या दालनात आणि मुंबईच्या रुग्णालयात शतकभराच्या अंतराने केलेली दोन निरीक्षणे अशी एका जनुकापाशी येऊन मिळाली.

काय करावे

या चरित्रावरून काही व्यवहार्य सूचना कराव्याशा वाटतात. शाळांतून आणि ग्रंथालयांतून ठेवल्या जाणाऱ्या शास्त्रज्ञांच्या प्रत्येक चरित्रात एक प्रकरण चुकांचे असावे: काय चुकले, कोणी ओळखले, कसे दुरुस्त झाले. शिक्षकांनी वर्गात प्रयोग करून दाखविताना अपेक्षित उत्तर आधी फळ्यावर लिहू नये. नाही तर विद्यार्थ्यांच्या वहीत साल्पेट्रिएरच्या झटक्यांसारखे नेमके तेच उत्तर उमटेल. वैद्यकीय महाविद्यालयांत रुग्णाची चर्चा होताना सर्वांत कनिष्ठ साहाय्यकाचे मत आधी घ्यावे, प्राध्यापकांचे शेवटी. मृत्यूनंतरच्या तपासणीचे प्रमाण जगभर घटले आहे. निदानाचा तो जुना आणि कठोर परीक्षक अगदीच निवृत्त होऊ देऊ नये. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेत मेंदूच्या ऊतींचा जो संग्रह ठेवला आहे, तसे संग्रह वाढावेत, आणि त्यांसाठी नागरिकांनी मरणोत्तर दान करावे. शेवटची सूचना रुग्णांविषयी. ब्रुयेच्या चित्रातील त्या स्त्रीला कोणी विचारले नव्हते की, एवढ्या लोकांपुढे उभे राहणे तिला चालेल काय. तिची संमती घेणे ही केवळ दयेची बाब नव्हे. ज्या रुग्णाला बोलण्याची मुभा असते, तो वैद्याची चूक सर्वांत आधी सांगू शकतो.

शार्कोने साल्पेट्रिएरमधील उपेक्षित स्त्रियांकडे निरखून पाहिले, म्हणून मज्जाविकारांचे शास्त्र उभे राहिले. आपल्या मताकडे त्याला तितकेच निरखून पाहता आले असते, तर त्याच्या आयुष्याची शेवटची पंधरा वर्षे अधिक फलदायी ठरली असती. त्याच्या नावाविषयी आदर बाळगणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने ही दोन्ही वाक्ये एकत्र लक्षात ठेवावीत. एकच ठेवले, तर तो आदर अपुरा राहील.